मोबाईलच्या लहरी आणि मेंदू: ‘पुरावा नाही’ म्हणजे निर्धास्त राहावे का?

पूर्वभागकर:
मोबाईलच्या लहरींनी मेंदूला इजा होते याचा पुरावा नाही, म्हणून फोन कानापासून दूर धरायला सांगणे चूक आहे, असे म्हटले जाते. पण सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटामुळे कामगार फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरतात आणि दोन्ही हातांनी तुटलेला धागा जोडत अर्धा अर्धा तास बोलतात. वरचे पत्रे रेंज अडवतात, आणि रेंज कमी असली की फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात घातले आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ४७ जणांवर केलेल्या प्रयोगात, ५० मिनिटे चालू फोन कानाशी ठेवल्यावर अँटेनाजवळच्या मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. मग फोन कानापासून दूर धरायला सांगणे चूक कसे?

सात रस्ता:
ग्लुकोजचा वापर वाढणे म्हणजे इजा होणे नव्हे. विचार करतानाही तो वाढतो. २बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, ही गंमत सहसा कुणी सांगत नाही. या लहरींमध्ये डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि तिच्यासाठी भारतात शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींवर ऊतींच्या किलोग्रॅममागे १.६ वॅटची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

होटगी रोड:
१३ देशांतील ‘इंटरफोन’ अभ्यासात (२०१०) एकूण १६४० तासांहून अधिक बोललेल्यांत ग्लायोमाचे (मेंदूतील एका प्रकारच्या गाठीचे) प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त दिसले होते. ही वाढ रुग्णांच्या आठवणीतील चुकांमुळेही दिसली असेल, असे संशोधकांनीच नमूद केले, हे मान्य. पण रोज अर्धा तास बोलणारा माणूस नऊ वर्षांत त्या आकड्याला पोहोचतो, त्यामुळे मला तो विसरता येत नाही.

सात रस्ता:
पण मुळात फोन कानाला दाबावा लागतो तो मागांच्या आवाजामुळे, आणि त्या आवाजाने बहिरेपण येते हे केव्हाच सिद्ध झाले आहे. कानात बोळे घालून काम करणारा कामगार तुमच्या कारखान्यात कुणी आहे का?

पूर्वभागकर:
एकही नाही. म्हणूनच फोन आला की बाहेर अंगणात जाऊन बोलावे, असे मी सुचवून पाहिले. तिथे रेंजही चांगली असते आणि आवाजही कमी. पण मजुरी टॉवेलांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे माग सोडून कुणी उठत नाही.