दोन उपग्रह ०.२ अंशावरून जाणार होते, फोटोत ३ अंशांहून जास्त अंतर. चुकलं कुठे?

काणकोण_रात्र
नमस्कार मंडळी. एक उपग्रह साधारण ५०० किमी उंचीवरचा, दुसरा १००० किमीच्या आसपासचा. ॲपप्रमाणे दोघे जवळजवळ डोक्यावर, एकमेकांपासून ०.२ अंशावरून जायला हवे होते. गालजीबागच्या किनाऱ्यावरून ५० मिमी एफ १.८ लेन्स, आयएसओ १६००, ४ सेकंद. दोन्ही रेघा आल्या, पण मध्ये तीन अंशांहून जास्त फट. ॲपमध्ये ठिकाण ‘पणजी’ आहे, टीएलई (उपग्रहांच्या कक्षेचे आकडे) तीन दिवसांपूर्वीचे. रेघाही फिकट आहेत. एक्स्पोजर १० सेकंद केलं तर उजळतील का?

सडा
घोळ ‘पणजी’त आहे. पणजी ते गालजीबाग हवाई अंतर सुमारे ६० किमी. डोक्यावरचा ५०० किमीचा उपग्रह तेवढ्याने जवळजवळ ६.८ अंश सरकतो, १००० किमीचा ३.४ अंश. वजाबाकी करा, तुमची फट मिळाली. दोघे पणजीहून जवळ दिसले असतील, गालजीबागहून नाही. एक किलोमीटर चुकलं तरी सापेक्ष अंतरात ०.०६ अंशाचा फरक पडतो, म्हणून अक्षांश-रेखांश तीन दशांश स्थळांपर्यंत घाला.

एक्स्पोजर वाढवून रेघ उजळणार नाही. डोक्यावर ५०० किमीचा उपग्रह सेकंदाला सुमारे ०.८७ अंश पळतो. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीने ते साधारण १९५ पिक्सेल होतात, म्हणजे एकेका पिक्सेलवर तो सेकंदाचा दोनशेवा भागच थांबतो. १० सेकंदांत रेघ फक्त लांबेल आणि आभाळ पांढरं होईल. जास्त व्यासाचं भिंग किंवा जास्त आयएसओ, दोनच उपाय.

आणि गालजीबाग कासवांचा किनारा आहे. हंगामात तिथे टॉर्च, मोबाईलचा उजेड अजिबात नको.

फोंडा_दुर्बीण
सडा यांचं बरोबर, पण तीन दिवसांचे टीएलई मलाही खटकतात. खालच्या कक्षेत हवेचा रोध बदलता असतो, त्यामुळे चूक मुख्यतः मार्गाच्या दिशेने साठते: उपग्रह रेघेवरच असतो, पण लवकर किंवा उशिरा. एक सेकंदाची चूक म्हणजे साडेसात किमी. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून त्याच संध्याकाळी नवे घ्या.

दोन रेघा एकमेकींना छेदल्या म्हणून उपग्रह त्या क्षणी जवळ होते असंही नाही, एक आधी जाऊन दुसरा मागून आलेला असू शकतो. ठरलेल्या सेकंदाला काळा पुठ्ठा अर्धा सेकंद लेन्ससमोर धरा. दोन्ही रेघांत पडलेली खाच म्हणजे त्या क्षणाची जागा. कॅमेऱ्याचं घड्याळ पत्करू नका, आधी जीपीएस वेळ दाखवणाऱ्या मोबाईलच्या पडद्याचा एक फोटो काढून फरक नोंदवा.

काणकोण_रात्र
म्हणजे हे दोघे प्रत्यक्षात ५०० किमी लांबच होते! खरोखर जवळ असलेले उपग्रह इथून दिसतील का?

सडा
दिसतील. नुसत्या डोळ्यांनी हवे असतील तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे मालवाहू यान जाताना पाहा. यान १०० किमी मागे असेल तर त्याच वाटेने सुमारे १३ सेकंदांनी येतं.

पण गोव्याची खरी चैन भूस्थिर पट्ट्यात आहे, तिथले उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतात म्हणून आभाळात एकाच जागी दिसतात. ७४ अंश पूर्वेला जीसॅट-१८, इन्सॅट-३डीआर असे उपग्रह एकाच खणात (कक्षेतल्या ठरवून दिलेल्या जागेत) आहेत, आणि ते रेखावृत्त जवळजवळ आपलंच. दक्षिणेला ७२ अंश उंचीवर, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे २.७ अंश. खण मध्यापासून ०.१ अंश इकडे-तिकडे, म्हणजे ७४ किमी. इथून ते सुमारे ७ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतं, तुमच्या ५० मिमीवर जेमतेम २६ पिक्सेल. १३५ मिमी मिळाली तर उत्तम.

ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नको. ट्रायपॉड घट्ट, २० ते ३० सेकंद. तारे रेघा होतात, उपग्रह ठिपके राहतात. तासातासाने फोटो घ्या: एकत्र ठेवलेल्या उपग्रहांच्या कक्षांची विकेंद्रता (लांबटपणा) आणि कल (विषुववृत्ताशी कोन) मुद्दाम वेगळे ठेवतात, म्हणून ते २४ तासांत एकमेकांभोवती फिरल्यासारखे दिसतात. हे बघायलाच हवं.

फोंडा_दुर्बीण
मार्चच्या १२ ते १५ तारखांच्या आसपास करा, उपग्रहांच्या सौर पॅनेलचं परावर्तन तेव्हा आपल्या अक्षांशाकडे येतं. रात्री १२.१० च्या सुमारास ते पृथ्वीच्या सावलीत शिरतात, १.२० च्या आसपास बाहेर येतात. शिरण्याआधी आणि निघाल्यावर चमक वाढते. हाच योग सप्टेंबरअखेरही असतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. दंवासाठी लेन्सच्या कडेला हीटर पट्टी बांधा, नाहीतर तासाभरात भिंग धुरकट होईल. फ्रेम एकत्र करताना सॉफ्टवेअरमधलं ताऱ्यांवर जुळवणं बंद ठेवा, नाहीतर उपग्रहांच्या रेघा होतील.