प्रतिसाद: कार्डिॲकसाठी नुसतं एसीएलएस पुरतं का?

वर कुणीतरी लिहिलंय की बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडलं तर जीव वाचवायचे प्राथमिक आणि पुढचा असे दोन छोटे कोर्स) झालं की सिस्टर सीसीयूला (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाला) तयार. अर्धंच खरं आहे हो ते. त्यांची सर्टिफिकेट कार्डं दोन वर्षं चालतात आणि त्या कोर्समध्ये मुख्यतः पेशंट कोसळला तर काय करायचं ते शिकवतात, मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबणं (कॉम्प्रेशन), शॉक कधी द्यायचा कधी नाही वगैरे, पण रोजची ड्युटी म्हणजे तो कोसळायच्या आधी लक्षात येणं, ते कोण शिकवणार?

साधा ईसीजी घ्या. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा 10 मिनिटांत निघायला हवा हे सगळ्यांना पाठ, पण व्ही1, व्ही2 हे छातीवरचे इलेक्ट्रोड लावायचे असतात छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, चौथ्या फासळीखालच्या फटीत, आणि घाईत लोक ते दोन फटी वर चिकटवतात. मग ग्राफवर जुना अटॅक येऊन गेल्यासारखं दिसू शकतं आणि नातेवाईक हवालदिल! बोटाने फासळ्या मोजायला अर्धा मिनिट लागतं फक्त.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कार्डिओ थोरॅसिक नर्सिंगचा 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, जीएनएमवाल्यांनाही (डिग्री नाही, नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनाही) चालतो. पण वर्षभर पगार सोडून जाणार कोण, आणि परत आल्यावर इन्क्रिमेंट मिळेलच असंही नाही (मॅनेजमेंटला हे विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे असतात). तोवर नाईटला वॉर्ड शांत असेल तेव्हा सीनियरसोबत जुन्या ईसीजीच्या स्ट्रिप्स (कागदी पट्ट्या) वाचायला बसा, आणि पोटॅशियम क्लोराइड कधीही सरळ शिरेत पुश करायचं नाही हे नवीन पोरींना पहिल्याच दिवशी सांगा.