‘पेशीचा सांगाडा’ हा शब्द योग्य आहे का?

लातूर : अकरावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राची टिपणे करताना ‘सायटोस्केलेटन’ला, म्हणजे पेशीला आकार आणि आधार देणाऱ्या प्रथिनांच्या तंतुजाळ्याला, मी ‘पेशीचा सांगाडा’ असे लिहिले. ते वाचून एका मुलीने विचारले, “बाई, पेशी मेल्यावर हा सांगाडा मागे राहतो का?” तेव्हापासून शब्द चुकल्याची रुखरुख आहे. एक सहकारी ‘पेशीकंकाल’ सुचवतात.

उमरगा : बाई, कंकालात हाडांशिवाय दुसरे काही दिसतच नाही. सांगाडा मात्र घराचाही असतो. 1993 च्या भूकंपात आमच्या भागात दगडी भिंती ढासळल्या, तरी कित्येक माळवदांचे खांब आणि तुळया जागेवर उभ्या होत्या. त्या उभ्या लाकडांना आम्ही सांगाडाच म्हणालो. शब्द बदलू नये.

लातूर : पण सर, तुमच्या तुळया पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत. पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिका, ज्यांची जाडी सुमारे 25 नॅनोमीटर असते, एका टोकाने वाढता वाढता अचानक झडू लागतात आणि पुन्हा वाढतात. मिचिसन आणि किर्शनर या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये हेच दाखवले. शिवाय त्यांच्यावरून कायनेसिन हे प्रथिन 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत ओझे वाहून नेते. ज्याचा आधारही होतो आणि रस्ताही, त्याला सांगाडा कसे म्हणावे? ‘मांडव’ चालेल का?

नांदेड : मांडव एकदा घालतात आणि एकदाच उतरवतात, तेव्हा तोही अपुराच. मुळात ‘पेशी’ हाच शब्द तपासावा, कारण संस्कृतात त्याचा अर्थ मांसाचा गोळा किंवा स्नायू असा आहे. ‘कोशिका’ अधिक शुद्ध आहे.

अंबाजोगाई : ‘पेशी’ मराठीत पक्का रुजला आहे, ‘तांबड्या पेशी कमी झाल्या’ हे खेड्यातली आजीही म्हणते. तो उपटून काय मिळणार? बाईंनी मुलांना कळलावीचे उदाहरण द्यावे. तिच्या विषारी कंदातले कोल्चिसिन हे रसायन सूक्ष्मनलिकांच्या घटक-प्रथिनाला चिकटते, नलिका बनत नाहीत आणि पेशीचे विभाजन मध्येच अडते. सांगाडा सतत नव्याने उभारावा लागतो हे त्यावरून कळेल.

नांदेड : कळलावी म्हणजे कळ, अर्थात भांडण लावणारी, म्हणूनच तिचे फूल घरात आणत नाहीत.

अंबाजोगाई : तसे नव्हे. तिचा कंद प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी वापरीत, म्हणून ती कळलावी. आमच्याकडच्या सुइणी हेच सांगत.

उमरगा : आमच्या गावात दोन्ही अर्थ सांगतात, परंतु भांडणाचा अधिक.