महालातली साडेतीन फुटांची बोळ, ओली बाभूळ आणि तोंडावर आलेला मृग

मटकावाली_महाल (१२ मे)

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या महाल भागात राहते आणि घरूनच लंबी रोटीच्या (पालथ्या मटक्यावर भाजायची पातळ, मोठी रोटी) ऑर्डरी घेते. मटका चुलीवर पालथा घातला की त्याच्या पोटाला सगळीकडून सारखा जाळ लागावा लागतो. गॅसचा जाळ मधेच एका ठिकाणी लागतो, तिथली रोटी करपते आणि कडा कच्च्या राहतात. त्यामुळे लाकडाला पर्याय नाही. पावसाळ्यात आरामशीनवर मिळतं ते लाकूड ओलंच असतं आणि भाव मात्र चढा. म्हणून यंदा दहा क्विंटल बाभूळ आत्ताच टाकून घ्यायचा विचार आहे.

अडचण जागेची. आमचं घर आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामधे बोळ आहे, रुंदी साडेतीन फूट, लांबी पंधरा. एका टोकाला विजेच्या मीटरची पेटी, मधे खिडकीला कूलर. मुलाची सायकल तिथूनच आत येते. ऊन फक्त दुपारी, तेही थोडा वेळ. घरचे म्हणतात, सगळं रचून ताडपत्रीत गच्च गुंडाळ आणि विसरून जा. मला ते पटत नाहीये, पण दुसरं सुचतही नाही. गच्ची आहे, पण उघडी आहे, पावसात उपयोगाची नाही. सांगा कोणी जाणकार.

धरमपेठी

ताई, इंडक्शन.

मटकावाली_महाल

दादा, इंडक्शनवर मातीचा मटका तापवून दाखवा, पहिली रोटी तुमची. 🙂

पारडीकर

बाभूळ घेणार असाल तर साल काढून घ्या. सालीखाली भुंगा लागतो, पावसाळ्यात थप्पीखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसतो आणि लाकूड हातात घेतलं की हलकं फूल. आमच्याकडे सुबाभूळ वापरतात. फोडायला सोपी, लवकर वाळते. निखारा मात्र बाभळीइतका टिकत नाही. निंब स्वयंपाकाला नको, धूर कडू. आणि थप्पीत विंचू बसतो, कधी मण्यारही. अंधारात हात घालू नका.

जुनी_टाल

ताई, आमच्या घरची लाकडाची टाल, म्हणजे वखार होती, आता नाही. म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

तुम्ही वाळवायची जागा आणि ठेवायची जागा एकच धरून बसल्या आहात, सगळा घोळ तिथंच आहे. बोळीत लाकूड वाळत नाही, फक्त टिकतं. वाळवायला तुमच्या डोक्यावर नागपुरातली सगळ्यात चांगली जागा आहे, गच्ची. २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात. पारा पंचेचाळीसच्या घरात, स्लॅब चटके देतो, वरून कोरडी गरम झळ. त्या स्लॅबवर लाकूड एकेरी पसरा. मधोमध ढीग करू नका, वजन वाटून जाऊ द्या, भिंतींच्या बाजूनं जास्त ठेवा. शेजारणीच्या कुरड्या-पापड वाळत असतील तर आधी तह करून घ्या, कारण लाकडाचा भुसा उडतो आणि मग बोलणी खावी लागतात.

पण पसरण्याआधी फोडायचं. गोल ओंडका सालीसकट ठेवला तर आतून वर्षभर ओला राहतो, कारण पाणी सालीतून फारसं जात नाही. जातं ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. मनगटाएवढे फाटे करून घ्या, लांबी सव्वा फूट. आरामशीनवाल्याला तिथंच कापून मागा. फोडायला माणूस लावा, बाभूळ ओली असताना पाचर बरी घुसते, वाळली की कुऱ्हाड उसळते. निघालेल्या ढलप्या फेकू नका.

दहा क्विंटल घेऊ नका, सात-आठ पुरे. ताज्या तोडीचं लाकूड वजनानं घेता तेव्हा पाणीही विकत घेता. शंभर किलोत चाळीस किलो पाणी असलं तर नीट वाळल्यावर सत्तरच्या आसपास उरतं. विकणाऱ्याला मागच्या वर्षीची तोड आहे का विचारा. कापलेल्या टोकाला चिरा दिसल्या आणि दोन फाटे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला तर जुनं. नुसतं ठप्प वाजलं तर ओलं. घरी आणल्यावर दोन फाट्यांवर खडूनं खूण करा आणि किराणावाल्याकडे वजन करून लिहून ठेवा. दर आठवड्याला तेच दोन तोलायचे. वजन उतरायचं थांबलं की उन्हानं त्याचं काम केलं.

ओल्या लाकडानं काय होतं ते तुम्ही मला सांगाल. जाळाची धग आधी पाणी उडवण्यात जाते, मटका तापतच नाही, आणि पातळ कणीक त्याच्यावर टाकली की चिकटून बसते.

मटकावाली_महाल

अगदी हेच होतं काका! सटासट सुटायची रोटी अशी खरवडून काढावी लागते. गच्चीचं पटलं. मग मृगाच्या आधी बोळीत आणते. पण तिथं कशी रचू? आणि ताडपत्रीचं काय?

जुनी_टाल

आपल्याच भिंतीकडून एकच रांग लावा, शेजाऱ्यांच्या भिंतीला काडीही टेकवू नका. खाली राखेच्या विटा, त्यावर जुने पाइप किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांकडून येतात तशा लाकडी पॅलेटच्या पट्ट्या. जमिनीपासून विटेभर उंच राहिलं की वाळवीला माती चढवायला वेळ लागतो आणि ती चढलेली दिसते तरी. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. पावसाळ्यात भिंत घाम गाळते.

फाट्यांची कापलेली टोकं वाटेकडे. सव्वा फूट रांग आणि मागची फट धरली तरी दोन फुटांच्या जवळपास वाट उरते, सायकल हँडल तिरकं करून निघेल. उंची चार फुटांपेक्षा जास्त नेऊ नका, एवढी अरुंद रांग कलंडते. दोन्ही टोकांना उभ्या बल्ल्या ठोका. वरच्या थरातले फाटे सालीची बाजू वर करून ठेवा.

कूलरच्या खाली आणि समोर रचू नका. एक तर टाकीचं पाणी ठिबकतं, दुसरं म्हणजे कूलर बोळीतलीच हवा ओढतो, पुढं लाकूड आलं तर खोली गार होणार नाही आणि वरून भुसा कूलरच्या वाळ्याच्या जाळीत अडकेल. मीटरच्या पेटीपासून तीन फूट तरी लांब. बाकी नऊ-दहा फूट उरतात, त्यात सात-आठ क्विंटल बसतं.

ताडपत्रीत गुंडाळू नका ताई. झाकायचं फक्त डोकं. टिनाचा पत्रा, पुढं वीतभर बाहेर निघालेला, उतार वाटेकडे. तारेनं बल्लीला बांधा, नुसत्या विटा ठेवल्या तर अवकाळी वादळात पत्रा शेजारच्या अंगणात सापडतो. ताडपत्री पत्र्याखाली पडद्यासारखी गुंडाळून ठेवा. झड लागली की सोडायची, उघाड पडली की परत वर. चारही बाजूंनी बंद केलं तर आतल्या आत वाफ धरते आणि पांढरी बुरशी येते.

पारडीकर

पडदा वर करताना आधी काठीनं ठोका. आतले पाहुणे निघून जातात. आणि लाकूड नेहमी वरूनच काढा, मधून ओढू नका.

मटकावाली_महाल

ठरलं, आठ क्विंटल. फोडणारा माणूस उद्याच बघते. त्या ढलप्यांचं काय करायचं ते राहिलंच काका.

जुनी_टाल

त्याही गच्चीवर वाळवा, युरियाच्या नको, धान्याच्या स्वच्छ पोत्यात भरा आणि घरात, चुलीजवळ ठेवा. चार दिवसांची झड लागली की चूल त्याच्यावरच पेटते, थप्पीवरचे फाटे मग घालायचे. गावाकडून कोणी येणार असेल तर थोडी पऱ्हाटीही (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) मागवा.