अनुभव धागा : जपानने पुन्हा सैन्य उभारावे का?

जपानच्या राज्यघटनेचे नववे कलम ३ मे १९४७ पासून अमलात आहे. त्यात युद्धाचा कायमचा त्याग केला आहे आणि भूदल, नौदल किंवा हवाई दल बाळगणार नाही, असेही म्हटले आहे. तरीही १९५४ पासून त्या देशाकडे ‘स्वसंरक्षण दले’ आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने पाच वर्षांत संरक्षणावर ४३ लाख कोटी येन खर्च करण्याचे ठरवले. आपल्यापैकी अनेकांनी नोकरी-शिक्षणानिमित्त तेथे वर्षे काढली आहेत. स्वतः पाहिले, ऐकले तेच येथे लिहावे, आणि त्यातून मत बनले असल्यास तेही निःसंकोच मांडावे, ही विनंती.

निशी-कासाई, तोक्यो (संगणक अभियंता)

आमच्या शेजारच्या आजी फुकागावा भागात वाढल्या. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी बी-२९ विमानांनी तोक्योच्या पूर्व भागावर आगलावे बॉम्ब टाकले आणि त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली, तेव्हा आजी आठ वर्षांच्या होत्या. आईने त्यांना कालव्याच्या उलट दिशेला ओढत नेले म्हणून त्या वाचल्या. कालव्यात उतरलेले शेजारी पुन्हा दिसले नाहीत. ओळख होऊन सहा वर्षे झाल्यावर त्यांनी मला हे सांगितले. ते साल २०१५ होते. सामूहिक स्वसंरक्षणाचे, म्हणजे मित्रदेशावर हल्ला झाल्यासही बळ वापरण्याची मुभा देणारे, कायदे संसदेपुढे होते आणि आजी दुखऱ्या गुडघ्यांनिशी संसदेसमोरील निदर्शनांना जात होत्या.

त्यांना गणवेशाचाच तिटकारा असेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर सुमारे एक लाख जवान मदतकार्यात उतरले होते. चिखलातून मृतदेह हातांनी काढणाऱ्या त्या मुलांविषयी आजी फार आदराने बोलतात. त्याच मुलांना परक्या युद्धात धाडण्याची वाट मोकळी करणारा कायदा त्यांना नको होता. माझेही मत त्यांच्याकडे पाहूनच घडले आहे.

साप्पोरो (माजी विद्यार्थी)

२९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी सहाच्या सुमारास वसतिगृहातील सगळे फोन एकदम वाजू लागले. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडले आहे, भक्कम इमारतीत किंवा तळघरात आसरा घ्या, अशी ती सूचना होती. आमच्या इमारतीला तळघर नव्हते. आम्ही जिन्याखाली बसून राहिलो. क्षेपणास्त्र होक्काइदोवरून, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे त्यावरूनच, जाऊन प्रशांत महासागरात पडले. तोपर्यंत मी नवव्या कलमाचा निस्सीम समर्थक होतो. त्या दिवसापासून जपानने स्वतःच्या बळावर उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

ओकिनावा (संशोधक)

साप्पोरोच्या मित्राची भीती खरी आहे, यात शंका नाही. परंतु त्या भीतीचा भार कोणाच्या जमिनीवर पडतो, हे येथे राहिल्यावर कळते. ओकिनावाचे क्षेत्रफळ जपानच्या जेमतेम ०.६ टक्के आहे, आणि जपानमधील केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या तळांच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र याच प्रांतात आहे.

दरवर्षी २३ जूनला येथील माबुनी गावी १९४५ च्या अमेरिका-जपान लढाईतील मृतांचे स्मरण होते. तेथील काळ्या शिळांवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ओकिनावी, जपानी, अमेरिकी, कोरियन, सैनिक आणि नागरिक अशी सगळी. लोक नावांपुढे फुले आणि पाणी ठेवतात, अक्षरांवरून बोट फिरवतात. काही ठिकाणी नावच नाही. ‘अमक्याचे मूल’ एवढेच कोरले आहे, कारण घरात नाव सांगायलाही कोणी उरले नव्हते. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

त्या लढाईत जपानी सैन्याने नागरिकांना आसऱ्याच्या गुहांमधून बाहेर काढले, ओकिनावी भाषा बोलणाऱ्यांना हेर समजून ठार केले. सैन्य जनतेचे रक्षण करत नाही, हे वाक्य येथील वृद्ध माणसे अनुभवाने बोलतात. आता तैवानपासून सुमारे ११० किलोमीटरवरील योनागुनी बेटावर २०१६ पासून आणि इशिगाकीवर २०२३ पासून स्वसंरक्षण दलांचे तळ आहेत. योनागुनीत २०१५ मध्ये सार्वमत झाले आणि कौल तळाच्या बाजूने लागला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बेट ओस पडत चालले होते आणि जवानांच्या कुटुंबांमुळे शाळेत मुले येतील, अशी आशा होती. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनची क्षेपणास्त्रे जपानच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (ज्या समुद्रातील संपत्तीवर त्या देशाचाच हक्क असतो) पडली. तळामुळे आपण सुरक्षित झालो की लक्ष्य झालो, यावर तेथे एकाच घरात दोन मते ऐकायला मिळतात.

बेळगाव (निवृत्त सुभेदार)

मी जपानला गेलेलो नाही. मात्र २०२२ मध्ये ‘धर्म गार्डियन’ हा भारत-जपान सराव आमच्या बेळगावात झाला, तेव्हापासून मी त्या सैन्याविषयी आवर्जून वाचतो. २०२३-२४ मध्ये जपानमधील भरती उद्दिष्टाच्या सुमारे निम्मीच झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले आणि आजही तेथे घरोघरी फौजेतील माणूस आहे. आमच्याकडे भरतीसाठी मुले पहाटे रस्त्यावर धावतात. येनने क्षेपणास्त्रे विकत घेता येतील, पण घरच्यांनी मुलाला आनंदाने पाठवावे लागते, आणि ते जपानमध्ये आज होताना दिसत नाही.

पुणे (जपानी भाषेची शिक्षिका व अनुवादक)

नवव्या कलमातील ‘सेनर्योकु’ या शब्दासाठी मी विद्यार्थ्यांना ‘युद्धक्षमता’ असा पर्याय देते आणि लगेच अडचणीत येते. स्वसंरक्षणापुरते किमान बळ म्हणजे ‘सेनर्योकु’ नव्हे, अशी सरकारची भूमिका आहे. सुरुवातीच्या काळात तेथे रणगाड्यांना ‘विशेष वाहने’ म्हणत. २४८ मीटर लांबीची ‘इझुमो’ ही नौका, जिच्यावरून एफ-३५बी विमाने उडवण्याचे २०१८ मध्ये ठरले, ती आजही अधिकृत भाषेत ‘गोएइकान’, म्हणजे संरक्षक नौका आहे. मला या शब्दांचे मनापासून दुःख होते, कारण ज्या भाषेवर मी तीस वर्षे प्रेम केले, तिच्याकडून हे काम करवून घेतले जाते.

घटनादुरुस्तीसाठी कलम ९६ नुसार दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि नंतर सार्वमत लागते. असे सार्वमत जपानमध्ये एकदाही झालेले नाही. सामूहिक स्वसंरक्षणाला वाट देणारा २०१४ चा मोठा बदल मंत्रिमंडळाने कलमाचा अर्थ बदलून केला. मला तेथे मताधिकार असता, तर मी बदलाच्या विरोधात मत दिले असते. तरीही ते मतदान व्हावे, आणि खर्च होऊन गेल्यावर नव्हे तर आधी व्हावे, असे मला वाटते. निशी-कासाईच्या आजींना संसदेसमोर उभे राहावे लागले, मतपत्रिका मात्र त्यांच्या हाती कधी आली नाही.