गेटबाहेरचा फुटपाथ नेमका कोणाचा

रविवार, जानेवारी २०२६, सकाळी साडेनऊपासून

ए-१०१ (चेअरमन): सर्व मेंबर्सना कळवण्यात येते की सकाळपासून मेन गेटसमोर तीन बायका निवडणुकीची पत्रकं वाटत उभ्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. वॉचमनने हटकलं तर उलट उत्तर दिलं. आपली सोसायटी नॉन-पॉलिटिकल आहे. पोलिसांना फोन करू का?

सी-५०३: काका त्या "तीन बायकां"मधली एक मी आहे. दुसरी तुमच्या शेजारची ए-१०२ वाली वहिनी, तिसऱ्या समोरच्या बिल्डिंगमधल्या ताई. आणि उलट उत्तर वगैरे काही नाही हं, वॉचमन म्हणाला साहेबांनी हलायला सांगितलंय, मी म्हटलं साहेबांना म्हणावं खाली या, आमच्या उमेदवाराचं चिन्ह कपबशी आहे पण चहा तुम्हीच पाजा, आम्ही पाजला तर आचारसंहिता आडवी येईल.

बी-२०४: 😂😂

ए-१०१ (चेअरमन): विषय गंभीर आहे. सोसायटीच्या दारात प्रचार चालणार नाही. उद्या दुसरा पक्ष येईल, परवा तिसरा. कोणालाच नको.

सी-५०३: येऊ देत की. १५ तारखेला मतदान आहे, २०१७ नंतर आत्ता होतेय महापालिकेची निवडणूक. नऊ वर्षांनी लोक दारात आलेत तर चार दिवस सहन करा.

बी-२०४: माझं एक म्हणणं आहे, राग मानू नका. तुमचा हक्क मान्य, पण काल भाजीची पिशवी घेऊन येताना तुमच्यामुळे मला खाली रस्त्यावर उतरावं लागलं आणि मागून रिक्षावाला भोंगा वाजवत आलाच. माझे गुडघे कसे आहेत सगळ्यांना माहितीये.

सी-५०३: सॉरी काकू, ते खरंच चुकलं. आज आम्ही भिंतीला लागून उभ्या आहोत. पण तिथेही जागा कमीच पडते, का ते नंतर सांगते.

डी-३०१ (माई): मी वकील नाही, पण चौतीस वर्षं फोर्टात सॉलिसिटरांकडे स्टेनो होते, तेव्हा जे टाइप केलं त्यातलं थोडं डोक्यात राहिलंय ते सांगते, लांबेल, ज्यांना नको त्यांनी सोडून द्या. मुंबईतले सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ताब्यात, १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम २८९, आणि फुटपाथ त्या रस्त्याचाच भाग. म्हणजे आपल्या गेटच्या लोखंडी पट्टीपर्यंत सोसायटी, पट्टी ओलांडली की आपण आणि रस्त्यावरचा कोणीही सारखेच. आत कंपाउंडमध्ये कोणाला येऊ द्यायचं ते चेअरमनसाहेबांनी ठरवावं, बाहेर कोणी उभं राहायचं ते त्यांनी नाही, वॉचमनने तर नाहीच, त्याला उगाच मधे घालू नका, बिचाऱ्याची नोकरी आहे. आता बोलण्याचं. घटनेचं कलम १९(१)(अ) बोलायला आणि १९(१)(ब) शांतपणे बिनशस्त्र जमायला. सरकारला त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण वाजवी. अहमदाबादचे एक हिम्मतलाल शहा होते, त्यांना रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. प्रकरण सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींसमोर गेलं, १९७३ च्या रिपोर्टात आहे. कोर्ट म्हणालं नियमन करा, वेळ-जागा ठरवा, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सरसकट नाही म्हणता येणार नाही. आणि तो नियम कुठल्या कायद्याखालचा होता? १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. म्हणजे आपल्याच पोलीस स्टेशनात जो चालतो तोच.

ए-१०१ (चेअरमन): माई, पूर्ण आदर ठेवून सांगतो. २०२० ला शाहीन बागच्या निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की सार्वजनिक रस्ता अडवता येत नाही.

डी-३०१ (माई): बरोबर आहे. बेमुदत अडवता येत नाही. तिथे कित्येक आठवडे रस्ता बंद होता. या तिघी थोडा वेळ उभ्या राहून कागद वाटतात. चिंच आणि चिंचोक्यात फरक आहे.

ई-४०२: तरी परवानगी लागतेच ना काहीतरी? असं कोणीही उठून कसं काय?

डी-३०१ (माई): लाउडस्पीकर, सभा, रॅली, प्रचाराची गाडी याला लागते. भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंदच. आणि पोलीस त्याच पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून काढत असतात, त्यात पाच किंवा जास्त जण मोजतात, तेवढं बघा. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा.

सी-५०३: आहे माई, खाली बारीक अक्षरात. भिंतीवर एकही स्टिकर लावला नाही, विद्रूपीकरणाचा कायदा आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

डी-७०१ (सध्या न्यू जर्सी): इथे वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टाच्या आवारात आणि बाहेरच्या फुटपाथवर फलक धरून उभं राहायला कायद्याने मनाई होती. १९८३ ला त्याच कोर्टाने सांगितलं की फुटपाथला ही मनाई लागू करता येणार नाही, तो इतर कुठल्याही फुटपाथसारखाच. एक बाई घटनेतलं अभिव्यक्तीचं कलमच फलकावर लिहून उभी होती. कमाल ना?

खजिनदार: कमाल. आपला दोन क्वार्टरचा मेंटेनन्स बाकी आहे सर.

एफ-००२ (आजोबा): मी आठ वर्षांचा होतो. गिरगावात राहायचो. २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी आमच्या चाळीतला एक पोरगा संध्याकाळी चप्पल न घालता परत आला, चपला तिथेच राहिल्या म्हणाला. ती पोरं रस्त्यावर उभी राहिली म्हणून आज मुंबई महाराष्ट्रात आहे. तिथे आता हुतात्मा चौक आहे. तीन बायकांचं काय घेऊन बसलात.

ई-४०२: 🙏🙏

ए-१०१ (चेअरमन): आजोबा ते आंदोलन होतं, हा प्रचार आहे. माझा मुद्दा एवढाच की जाण्यायेण्याला अडथळा नको. चालणाऱ्याला जागा हवी.

सी-५०३: बरं काढलंत. मगाशी म्हटलं ना का ते सांगते. फोटो टाकतेय. गेटच्या डावीकडे सिमेंटच्या चार मोठ्या कुंड्या, त्यांच्यामध्ये पिवळी साखळी आणि "फक्त मेंबर्ससाठी पार्किंग" बोर्ड. सगळं फुटपाथवर. फुटपट्टी लावली, साडेचार फुटातले दोन फूट गेलेत. काकू काल जिथून रस्त्यावर उतरल्या ती जागा हीच.

बी-२०४: अगं हो! त्या कुंडीलाच पिशवी अडकली होती.

डी-३०१ (माई): त्याच महापालिका कायद्याचं कलम ३१३, रस्त्यावर वस्तू ठेवायला मनाई. ३१४ खाली पालिका नोटीस न देता उचलू शकते. कुंड्या कोणाच्या आहेत?

(चाळीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

खजिनदार: कुंड्यांचं बिल मागच्या दिवाळीत पास केलंय. चेअरमनसाहेबांनी आणल्या होत्या, अशोकाची रोपं.

ए-१०१ (चेअरमन): ते ब्युटिफिकेशन होतं. वॉचमनला सांगितलंय, दुपारी आत घेईल. पोलिसांना फोन केलेला नाही.

बी-२०४: साखळीपण काढा हं. आणि तुळस असेल एखादी तर मला द्या.

सी-५०३: थँक्यू काका. आता जागा झालीये तर संध्याकाळी पाच ते सात चौघी उभ्या राहू.

डी-३०१ (माई): चौघीच. पाचवी आली तर तिला पलीकडच्या फुटपाथवर उभी करा.