मदत हवी आहे : घरी पैसे पाठवणाऱ्या आफ्रिकी स्थलांतरितांवरील चित्रपट

आमच्या महाविद्यालयीन चित्रपट मंडळाने परदेशस्थ आफ्रिकी कुटुंबांवरील चित्रपट दाखवायचे ठरवले आहे. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा ‘ब्लॅक गर्ल’ (१९६६) निश्चित झाला आहे. सेनेगलची राजधानी डाकार येथून फ्रान्समध्ये कामाला आलेल्या दिउआनाला पैशांची मागणी करणारे आईचे पत्र मालकच वाचून दाखवतो आणि उत्तरही स्वतःच लिहू लागतो, या एका प्रसंगावर तासभर चर्चा होऊ शकेल. ‘मदर ऑफ जॉर्ज’ (२०१३) आणि ‘फेअरवेल अमोर’ (२०२०) हेही पाहिले. मात्र पहिल्यात ब्रुकलिनमधील नायजेरियन सुनेवर अपत्यासाठी येणारा दबाव आहे, तर दुसऱ्यात सतरा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एकत्र आलेले अंगोलन कुटुंब. दोन्ही सरस आहेत, पण कमावत्या माणसावरचे पैशांचे ओझे तिथे केंद्रस्थानी नाही.

समुद्रमार्गे युरोप गाठण्याच्या थरारावरील चित्रपट पुष्कळ सापडतात. ते नको आहेत. नॉलीवूडचा, म्हणजे नायजेरियन चित्रपटसृष्टीचा, चित्रपट चालेल. इंग्रजी उपशीर्षके आवश्यक असून लांबी दोन तासांच्या आत हवी.

परदेशी स्थिरावलेला कमावता माणूस आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेले गावाकडचे घर, अशा दोन्ही बाजू दाखवणारा कोणता चित्रपट आपण सुचवाल, आणि त्याच्या जाहीर प्रदर्शनाची परवानगी कोणाकडे मागावी?